पिकत घातलेली गाणी

रावेरला ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी हिशेब बघायला होते, त्याच्या मालकांना अख्खं गाव 'पाहुणे' म्हणायचं. साठीला टेकलेला माणूस, डोक्यावर चार केस, नातवंडं पुण्याला शिकतायत, लग्न झाल्यापासून त्याच गल्लीत राहतोय, आणि तरी दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे विचारणार, "काय पाहुणे, बरं आहे ना?" कारण ते घरजावई. मूळ गाव दोंडाईच्याजवळचं. सासऱ्यांना एकुलती एक मुलगी, म्हणून लग्न करून बायकोला न्यायच्या ऐवजी हेच तिच्या घरी राहायला आले. एकदा जावई म्हणून गावात पाऊल टाकलं की माणूस मरेपर्यंत पाहुणाच. मी त्यांना आबा म्हणायचे. ज्याच्या हातून पगार घ्यायचा त्याला पाहुणे कसं म्हणणार?

तर या आबांनी एक अल्बम काढलाय. हो, अल्बम! स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली, स्वतः गायलेली अहिराणी गाणी, आणि साथीला फक्त एक कीबोर्ड. ढोल नाही, ताशा नाही, नवरीचं नाव नाही, नवरदेवाची घोडी नाही. मोबाईलवर कुणालाही फुकट ऐकता येतो. ऐकतं कोण ते विचारू नका. पहिल्या गाण्याखाली जी पहिली प्रतिक्रिया आली ती अशी होती: "काका, डीजे मिक्स कधी टाकताय?"

मला स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. त्यामुळे अल्बम चांगला की वाईट, ते माझ्याकडून ऐकू नका. पण तो कसा झाला हे मला माहीत आहे, कारण त्यातल्या प्रत्येक गाण्याच्या वेळी रेकॉर्डिंगचं बटण दाबायला मीच होते. माझ्या नोकरीत ते काम कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आबा बोलायचे ते ओरडून. ट्रक, ट्रॅक्टर आणि मशीनच्या आवाजात सगळी उमर गेलेली. साधं "चहा लेशी का?" विचारलं तरी नवा माणूस दोन पावलं मागे सरकायचा. फोनवर बोलायला लागले की भुसावळच्या व्यापाऱ्याला फोनची गरजच नव्हती, नुसता खिडकीत उभा राहिला असता तरी चाललं असतं. आणि हाच माणूस गायला लागला की इतका हळू, की जवळ जाऊन कान द्यावा लागे. हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं आणि कुतूहलापायीच मी त्या गाण्यांत अडकले. एरवी मी कुणाच्या भानगडीत पडणारी बाई नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नोकरी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. मे महिना, बाहेर रावेरचं ऊन, सही घ्यायला मालक सापडेनात. कुणीतरी म्हणालं, लहान चेंबरमध्ये बघा. आमच्याकडे केळी पिकवायचे दोन चेंबर होते, एक मोठा आणि एक लहान. चेंबर म्हणजे जाड भिंतींची, जाड दाराची थंडगार खोली. हिरवी केळी क्रेटमध्ये रचून आत ठेवायची, गॅस लावायचा, गारवा राखायचा, की चार-पाच दिवसांत माल पिवळा होऊन जळगाव-धुळ्याच्या गाड्यांवर जातो. लहान चेंबर तेव्हा रिकामा होता. मी दार ओढलं तर आत आबा! अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, उलट्या क्रेटवर बसलेले, समोर दोन क्रेटवर गोधडी अंथरून ठेवलेला कीबोर्ड, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटतायत. मला वाटलं, तब्येत बिघडली. इतक्यात त्यांनी डोळे उघडले आणि गरजले,

"दार लाव व ताई! गानं बाहेर जाई!"

मी दार लावलं, पण आतून. मग त्यांनी मला दुसऱ्या क्रेटवर बसवलं आणि गाणं ऐकवलं. एका हाताने लांब लांब सूर धरून ठेवायचे, ढगासारखे नुसते पसरलेले, आणि त्यावर तो बारीक आवाज. बाहेर चटके बसत होते आणि आत माझ्या अंगावर काटा. गारव्यानेही असेल.

कीबोर्डची गोष्ट अशी. दोंडाईच्याला एका लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा माणूस होता. डीजे आले आणि त्याचा धंदा बसला. त्याने कीबोर्ड विकायला काढला, आबांनी घेतला. बँडवाल्याने बटणांवर चिकटपट्ट्या लावून पेनाने लिहिलेलं होतं: नाच, हळद, वरमाला, बिदाई. म्हणजे ज्या वेळेला जो आवाज हवा तो पटकन सापडावा. आबांनी नाच, हळद, वरमालेला कधी बोटसुद्धा लावलं नाही. त्यांची सगळीच्या सगळी गाणी 'बिदाई'च्या बटणावर आहेत. मी एकदा म्हटलं, "आबा, हळदीचं बटण दाबून बघा की, जरा बरं वाटेल." तर म्हणाले,

"हळद मनी व्हयी गयी. बिदाईच ऱ्हायेल शे."

माझी हळद झाली, बिदाईच राहिली आहे. मी हसले. ते नाही हसले.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं लगेच ऐकायचं नाही. शेजारच्या मोठ्या चेंबरमध्ये जी खेप लावलेली असेल, ती पिकून बाहेर पडेपर्यंत गाण्याला हात लावायचा नाही. "गानं बी केळासारखंच शे," ते समजवायचे, म्हणजे ओरडायचे. "झाडवर पिकनं ते फाटस. हिरवं काढनं पडस, अंधारामा ठेवनं पडस, घडी घडी दार उघाडनं नही!" त्यांच्या मते हल्लीची गाणी झाडावरच फाटलेली असतात. खेप निघाली, ट्रक गेला, की मला बोलावणं. मग आम्ही दोघं कान लावून ऐकायचो आणि निम्म्या वेळा ते म्हणायचे, "कच्चं शे. फेक."

आता मुख्य अडचण सांगते. दोन्ही चेंबर एकाच कंप्रेसरवर चालायचे. लहान चेंबर रिकामा असला तरी मोठ्यात माल असायचाच, आणि मशीन चालू असेपर्यंत भिंतीतून घरघर यायची. आबांच्या आवाजापुढे ती घरघर म्हणजे मालगाडी. त्यामुळे गाणं रेकॉर्ड करायचं तर कंप्रेसर बंद. आणि कंप्रेसर बंद म्हणजे तिकडे माल तापायला लागणार. केळं पिकताना स्वतःच गरम होतं. गारवा गेला की आतल्या आत शिजतं, काळं पडतं. एका गाण्यापुरतं चालतं, पण गाणं एका दमात कुठे होतंय?

मशीन सांभाळायला भुसावळचे सलीमभाई होते. दाढी पांढरी, स्वभाव तिखट, आबांचे जुने दोस्त. आबांनी हात वर केला की ते मशीन बंद करायचे आणि तिथेच उभे राहून चिडायचे. "अरे आबा, जल्दी करो! माल पक जाएगा, तुम्हारा गाना नहीं पकेगा!" तरी दर वेळेला बंद मात्र करायचे.

आणि मशीन बंद झालं की अक्का यायच्या.

अक्का म्हणजे आबांची बायको. कोल्ड स्टोरेज त्यांच्या वडिलांनी उभं केलेलं, आणि खरं सांगायचं तर चालवायच्याही त्याच. आबा फक्त ओरडायचे. अक्कांचं घर कंपाउंडमध्येच, स्वयंपाकघराची खिडकी मशीनच्या बाजूला. लहानपणापासून त्या घरघरीत वाढलेली बाई. मशीन चालू असलं की त्यांना ते ऐकूच यायचं नाही, थांबलं की मात्र हातातली पोळी तव्यावर टाकून उठायच्या. पदर खोचून तरातरा यायच्या, चेंबरचं दार उघडायच्या आणि म्हणायच्या,

"कोनी बंद केलं? माल शिजू राह्यला तिकडे!"

झालं! गाणं मधूनच तुटायचं. सलीमभाई मशीन चालू करायचे, मी उगाच कागद चाळायचे, आबा माकडटोपी काढून डोकं खाजवायचे. अल्बममधल्या तीन गाण्यांच्या शेवटी तुम्हाला बाईचा आवाज ऐकू येईल, "कोनी बंद केलं?" तो यांचाच. शेवटचा शब्द आणि अक्का यांची अगदी गाठ पडलेली.

गंमत अशी की आबांना श्रोता हवा होता तो एकच, आणि तो म्हणजे अक्का. हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. "लोकेस्नी आयकं काय, नही आयकं काय. तिनी एक डाव आयकाले जोयजे." तिने एकदा ऐकलं पाहिजे. मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना सरळ. तर म्हणाले, सांगितलं, ती म्हणते मला कामं आहेत. ते खरंच होतं. अक्कांना कामं होती. त्या दारात यायच्या तेव्हा त्यांचं लक्ष तापमानाच्या आकड्याकडे असायचं, नवऱ्याच्या तोंडाकडे नाही. त्यामुळे गाण्यांचे शब्द काय आहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

शब्द ऐकून मी मात्र चमकले होते. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. सासर असं, माहेर तसं, तापीला पूर आला, भाऊ घ्यायला आला नाही, अशी. मी धुळ्याची, ही गाणी ऐकतच मोठी झाले. ही बायकांची गाणी, पुरुषाचं त्यात काय काम? आणि हा बाबा तीच गाणी नव्याने लिहीत होता, स्वतःच्या नावाने! 'तापी वलांडी उनू, मागे पाहनं नही.' तापी ओलांडून आलो, मागे पाहिलं नाही. घर सोडून आला तो हा. माहेर सुटलं ते याचं. गावात नवरी वाजतगाजत जाते, तिच्यासाठी चार बायका रडतात. हा एका पिशवीसकट आला आणि लोक म्हणाले, पोरगं नशीब काढून गेलं. याच्यासाठी कोण रडणार? मला आधी हसू आलं होतं. मग वाटलं, अरे, यात हसण्यासारखं काय आहे?

पण अक्कांना हे कळलं तर काय होईल, याची मला धास्तीच होती.

सात गाणी झाली तेव्हा आबा मला घेऊन धुळ्याला गेले. तिथे अहिराणी गाण्यांचा एक स्टुडिओ आहे, आवाज साफसूफ करून देतात. तिथला माणूस चांगला होता, पण ठेक्याशिवाय गाणं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. पहिलं गाणं संपेपर्यंत तो वाट बघत बसला की ढोलकी आता येईल, मग येईल. शेवटी म्हणाला, "आबा, ठेका टाकू का? असं लोक नाचतील कसं?"

"नाचानं शेच कोन्हले?" आबा एवढ्याने गरजले की बाहेर बसलेला एक गायक उठून उभा राहिला. "बठ्ठास्ले नाचानंच शे! बठीसन आयकानं कोन्हलेच नही!" सगळ्यांना नाचायचंच आहे, बसून ऐकायचं कुणालाच नाही.

मग तो अक्कांच्या आवाजापाशी आला. "ही बाई मध्येच ओरडतेय, ती काढून टाकतो." आबांनी त्याचा हातच धरला. "ती काढी टाकी ते मंग काय ऱ्हायनं?" तिला काढलं तर मग राहिलं काय? त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. काय सांगणार?

घोळ झाला तो नंतर. त्या माणसाने हौसेने एक गाणं नमुना म्हणून मोबाईलवर लोकांना ऐकायला टाकलं, आबांच्या फोटोसकट. गल्लीतल्या एका काकूंची बहीण धुळ्याला, तिने ऐकलं, काकूंना पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाच्या गिरणीवर अक्कांना कळलं की पाहुणे माहेरासाठी रडतात. दळण तिथेच टाकून त्या ऑफिसात आल्या. मी बाहेर जायला उठले तर म्हणाल्या, "तू बस. तूच बटण दाबते ना?" मी बसले.

"माह्या बापानं काय कमी केलं तुम्हाले?" त्या आबांना म्हणाल्या. "सांगा ना! पोराच्या वर मान दिला. ह्या घरात कोनी तुम्हाले अरे म्हटलं कधी?"

"नही म्हटं," आबा म्हणाले.

"मंग रडता कायले? गाव म्हणू राह्यलं का जावयाला सुखात ठेवलं नाही. माह्या बापाचं नाव आहे ह्या पाटीवर!"

"रडस नही व. गास."

"एकच आहे ते."

"एक डाव आयक. मंग बोल."

"नाही ऐकत," अक्का म्हणाल्या. "मेली तरी नाही ऐकत. आणि माह्या मशीनला आता कोनी हात लावायचा नाही."

त्या दिवशी आबांनी कीबोर्ड गोधडीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. वाद घातला नाही, रुसले नाहीत. ऑफिसात येऊन बसायचे, क्रेट किती गेले, क्रेट किती आले, मोठ्याने विचारायचे आणि उत्तर न ऐकता उठून जायचे. सलीमभाई एकदा मशीनजवळ उभे राहून मला म्हणाले, "अब टाइम पे सब होता है। मज़ा नहीं आता।" मलाही वाईट वाटत होतं. खरं सांगते, फार वाईट वाटत होतं. आणि रागही येत होता, अक्कांचा नव्हे, कुणाचा ते कळत नव्हतं.

अक्कांचा राग येईना, कारण त्यांचं एक मला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या फाटकासमोर मोठा निंब आहे. आखाजीला गल्लीतल्या पोरी तिथेच झोका बांधतात. आदल्या वर्षी मी अक्कांना विचारलं होतं, तुम्ही नाही जात? त्या म्हणाल्या, मला कामं आहेत. मग शेजारच्या काकूंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती काय करेल जाऊन? ती कुठे सासरी गेलीये? झोका माहेरवाशिणीचा असतो बाई." लग्नाच्या पहिल्या वर्षी अक्का गेल्या होत्या म्हणे, तर मैत्रिणी हसल्या, तू तर काल पण इथेच होतीस! तेव्हापासून त्या निंबाखाली गेल्या नाहीत.

मग आली ती आखाजी. मी धुळ्याला माहेरी जायला निघणार होते, पण लग्नसराईमुळे मोठा चेंबर गच्च भरलेला, आबा दुपारपर्यंत थांब म्हणाले. बाकी सगळ्यांना सुट्टी. मशीनवर सलीमभाई, ऑफिसात मी. समोर निंबाखाली झोका चढत होता, पोरींचा दंगा आतपर्यंत येत होता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हातात परात होती, पण परातीत काही नव्हतं.

आबा आले. काखेत गोधडी. मला म्हणाले, "चाल व ताई. बटन दाब."

मी घाबरले. "आबा, मशीन?"

"चालू ऱ्हाऊ दे. मी शबद देयेल शे."

शब्द दिलाय म्हणे! मग कंप्रेसर चालू असताना गाऊन उपयोग काय? पण मी गेले. लहान चेंबर रिकामा होता. त्यांनी माकडटोपी घातली, बिदाईचं बटण दाबलं आणि गायला लागले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कान दिला, तर घरघरीशिवाय काही नाही. ओठ हलतायत, बोटं हलतायत, ऐकू शून्य. दार त्यांनी या वेळी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. गाणं बाहेर जाई म्हणून ओरडणारा माणूस!

थोड्या वेळाने दारात अक्का दिसल्या. परात हातातच. मशीन तर चालू होतं, मग त्या आल्या कशाला? त्या नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. मग त्या ओरडल्या, "काय म्हणू राह्यले? ऐकू येत नाही!"

"काय?" आबा ओरडले.

"ऐकू येत नाही म्हटलं!"

"काय म्हनस?"

अक्कांनी परात माझ्या हातात दिली. वळल्या, मशीनपाशी गेल्या, सलीमभाईंना हाताने बाजूला केलं आणि स्वतःच्या हाताने कंप्रेसर बंद केला. जन्मात पहिल्यांदा. घरघर खाली खाली जात थांबली. बाहेरच्या पोरींचा आवाज तेवढा उरला. अक्का आत आल्या, चेंबरचं दार ओढून घेतलं, उलट्या क्रेटवर बसल्या आणि म्हणाल्या,

"म्हना आता."

आबांनी पुन्हा बिदाईचं बटण दाबलं. आणि गायले.

*निंबले बांधा झोका, झोकामा कोन्ही नही,*
*वारा उना, वारा गया, झोका थांबस नही.*
*बठ्ठ्या पोरी उन्यात माहेरले, तू कोठून येशी?*
*तू ते गयीच नही कोठे, तुले लेवाले कोन जाई?*

सगळ्या पोरी माहेरी आल्या, तू कुठून येशील? तू तर कुठे गेलीच नाहीस, तुला आणायला कोण जाईल?

मी समजत होते की या माणसाला स्वतःच्या माहेराशिवाय काही दिसतच नाही. आणि हा इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोला बघत होता. जो घर सोडून आला त्यालाच ते कळायचं होतं. परात छातीशी धरून मी उभी.

अक्का क्रेट ओढून पुढे सरकल्या. मग विचारलं, "हे माह्यं आहे?"

"तुनंच शे," आबा म्हणाले. हळू. त्यांना गाण्याशिवाय इतकं हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

अक्का रडल्या. पदर तोंडाशी न नेता, सरळ समोर बघत. दार किलकिलं झालं आणि सलीमभाईंचा आवाज आला, "भाभी, चालू करू? माल..."

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. मग आबांकडे वळून, "आनखी किती आहेत?"

"सात."

"ती पण म्हना."

सगळी म्हटली. काहींतला शेवट अक्कांनी पहिल्यांदाच ऐकला, कारण एरवी शेवटाला त्याच यायच्या. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि मशीन बंद. मोठ्या चेंबरमधली सगळी खेप त्या दिवशी पिकून मऊ पडली. संध्याकाळी अक्कांनी क्रेट भरभरून निंबाखाली नेले आणि एकूण एक पोरीच्या पदरात केळी घातली. मी तोवर धुळ्याच्या गाडीत होते, त्यामुळे त्या झोक्यावर बसल्या की नाही ते मी पाहिलेलं नाही. सलीमभाईंना विचारलं तर ते नुसते दाढी कुरवाळून हसतात.

आठवं गाणं मी दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या त्या स्टुडिओत नेऊन दिलं. नवी खेप पिकेस्तोवर थांबायचं नाही, असं आबा पहिल्यांदाच म्हणाले होते. स्टुडिओवाल्याने गाणं लावलं. आधी मशीनची घरघर, मग दोघांचा आरडाओरडा, मग घरघर थांबते, दार लागतं आणि बाईचा आवाज येतो, "म्हना आता." त्याने डोक्याला हात लावला. माझ्यासमोरच आबांना फोन लावून म्हणाला, "आबा, ती बाई पुन्हा आली बघा, या वेळी तर अगदी सुरुवातीलाच. काढून टाकू का?"

फोन त्याच्या कानाशी होता, तरी उत्तर मला समोर बसून स्पष्ट ऐकू आलं.

"हात लावू नको तिले! माहेरले येल शे ती!"